वडील ब्रिटिश, जन्म पुण्याचा: धाकट्याला हक्क आहे, थोरलीला का नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आजोबा मूळ रत्नागिरीचे, रेल्वेच्या नोकरीसाठी केनियात गेलेले. वडिलांचा जन्म १९५१ साली नैरोबीत. १९६७ मध्ये सगळं कुटुंब लंडनला आलं. वडील तिथे दहा वर्षं राहिले, १९७७ मध्ये पुण्यात परतले, इथेच लग्न झालं. तुम्ही १९७९ च्या, भाऊ १९८४ चा, दोघांचाही जन्म पुण्याचा आणि दोघांकडेही भारतीय पासपोर्ट. वडिलांचा पासपोर्ट मात्र आजही ब्रिटिश. तुमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, भावाची मुलगी दहा. एका एजंटने ‘दोघा भावंडांचं ब्रिटिश नागरिकत्वाचं काम होईल’ असं सांगून आगाऊ पैसे मागितले आहेत, आणि ते द्यावेत का असं तुम्ही विचारता आहात.

देऊ नका. भावाचं काम व्हायला हवं, आणि त्याला एजंटची गरज नाही. तुमचं, मला मनापासून वाईट वाटतंय, पण होणार नाही. एकाच आईवडिलांच्या, एकाच घरात वाढलेल्या दोन मुलांना कायदा असा वेगळा कसा वागवतो, ते सविस्तर सांगते. मी गेली अठरा वर्षं लंडनमध्ये हेच काम करते, आणि ‘वडील ब्रिटिश, म्हणजे मीही ब्रिटिश’ या एका गैरसमजापायी लोकांचे किती पैसे आणि किती वर्षं वाया जातात ते रोज बघते.

वडील ब्रिटिश आहेत की नाहीत, एवढ्यावर काहीच ठरत नाही. तुमच्या जन्माच्या दिवशी ते कोणत्या कलमाखाली, कशामुळे ब्रिटिश होते, हे बघावं लागतं. आणि तुमचा जन्म १ जानेवारी १९८३ च्या आधीचा की नंतरचा, हेही. त्या दिवशी ब्रिटनचा १९८१ चा नॅशनॅलिटी ॲक्ट लागू झाला. तुम्ही दोघं भावंडं त्या तारखेच्या दोन बाजूंना आहात.

वडिलांपासून सुरुवात करू. १९५१ साली केनिया ब्रिटिश वसाहत होती, आणि १९४८ च्या कायद्यानुसार वसाहतीत जन्मलेला माणूस ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचा नागरिक’ होत असे. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्याला सीयूकेसी म्हणतो. म्हणजे वडील जन्माने सीयूकेसी. पुढे १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. केनियात जन्मलेल्या ज्या माणसाच्या आईचा किंवा वडिलांचा जन्मही केनियातच झाला होता, तो त्या दिवशी आपोआप केनियन झाला आणि सर्वसाधारणपणे त्याचं सीयूकेसीपण गेलं. तुमचे आजोबा रत्नागिरीचे. आजीचा जन्मही भारतातलाच असेल, असं धरून चालते. तेवढं घरात विचारून घ्या. तसं असेल तर वडील केनियन झाले नाहीत, ब्रिटिश राहिले.

मग १९६७ चं स्थलांतर. तुमच्या आजोबांनी ते वेळेत केलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. पूर्व आफ्रिकेतल्या आशियाई लोकांचा ओघ थांबवण्यासाठी ब्रिटनने १९६८ मध्ये नवा कायदा आणला. तो संसदेत तीन दिवसांत मंजूर झाला आणि १ मार्च १९६८ पासून हातात ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या हजारो माणसांना ब्रिटनचंच दार बंद झालं. युरोपियन मानवाधिकार आयोगाने पुढे १९७३ मध्ये हा वांशिक भेदभाव असल्याचा अभिप्राय दिला. तुमचं कुटुंब त्या आधी आत आलं. वडील पाच वर्षांहून अधिक काळ कोणत्याही अटीविना तिथे राहिले, त्यामुळे १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याखाली त्यांना ‘राइट ऑफ अबोड’, म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याचा कायमचा हक्क मिळाला. नंतर पुण्यात येऊन राहिले म्हणून तो गेला नाही. ज्या सीयूकेसींकडे हा हक्क होता ते १ जानेवारी १९८३ ला ब्रिटिश सिटिझन झाले, त्यांत तुमचे वडील आले. आणि ते ‘बाय डिसेंट’ नव्हेत, म्हणजे त्यांचं नागरिकत्व कुणाकडून वारशाने आलेलं नाही. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता भाऊ. १९८४ साली पुण्यात जन्म, वडील त्या दिवशी ब्रिटिश सिटिझन, तेही बाय डिसेंट नसलेले, आईवडिलांचं लग्न झालेलं. १९८१ च्या कायद्याचं कलम २ इथे थेट लागू होतं. तुमचा भाऊ जन्माच्या क्षणापासून ब्रिटिश नागरिक आहे. त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करायचाच नाही. वयाची मर्यादा नाही, परीक्षा नाही, शपथ नाही. चाळीस वर्षं त्याने हा हक्क वापरला नाही, इतकंच. त्याने पहिल्या ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज करायचा आणि वर सांगितलेली साखळी कागदांनी सिद्ध करायची.

आणि तुम्ही. १९७९ मध्ये जुना कायदा चालू होता. वडील जन्माने सीयूकेसी असल्यामुळे तुम्हीही जन्मतः सीयूकेसी झालात. इथपर्यंत तुम्ही आणि भाऊ सारखेच. फरक पडला तो राइट ऑफ अबोडपाशी. वडिलांमुळे तो हक्क मिळायचा असेल तर वडिलांचं नागरिकत्व खुद्द ब्रिटनमधल्या जन्माचं, दत्तकविधानाचं किंवा तिथल्या नोंदणीचं हवं, नाहीतर त्यांच्या आईचं किंवा वडिलांचं तरी तसं हवं. नैरोबीचा जन्म चालत नाही. वडिलांना हक्क मिळाला तो स्वतःच्या राहण्यामुळे, आणि तसा हक्क मुलांकडे जात नव्हता. त्यामुळे १ जानेवारी १९८३ ला, तुम्ही तीन-चार वर्षांच्या असताना, ब्रिटिश कायद्याने तुम्हाला ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ या वर्गात टाकलं. नावात ‘ब्रिटिश’ आहे, ‘सिटिझन’ही आहे, पण या वर्गातल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही आणि मुलांना सहसा काही देताही येत नाही. म्हणून तुमच्या मुलासाठीही तुमच्याकडून वाट निघत नाही. ज्यांच्याकडे दुसरं कोणतंच नागरिकत्व नाही अशा ओव्हरसीज सिटिझनना नोंदणी करून पूर्ण ब्रिटिश होता येतं. तुम्ही भारतीय आहात, त्यामुळे तेही नाही.

तुमचा एजंट बहुधा इथेच काहीतरी करणार आहे. तो तुम्हाला ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’चा पासपोर्ट काढून देईल आणि ‘बघा, ब्रिटिश पासपोर्ट’ म्हणेल. ताई, हात जोडून सांगते, तो पासपोर्ट घेऊ नका. भारतीय नागरिकत्वाच्या नियमांत परदेशी पासपोर्ट घेणं हा स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल, आणि बदल्यात हाती येईल ते असं पुस्तक की ज्यावर लंडनला उतरून राहता येत नाही. इथलं जाईल आणि तिथलं मिळणार नाही.

२०२२ च्या कायद्याने कलम ४-एल आणलं, जुन्या कायद्यांतल्या अन्यायामुळे ज्यांचं नागरिकत्व हुकलं त्यांच्यासाठी. त्याची चौकशी तुम्ही कराल, म्हणून आधीच सांगते. तिथे मुख्यतः स्त्री-पुरुष भेद आणि आईवडिलांचं लग्न नसणं या अन्यायांचा विचार होतो. तुमचा दावा वडिलांकडून आहे आणि आईवडिलांचं लग्न झालेलं आहे. नैरोबीचा जन्म आणि लंडनचा जन्म यांत केलेला भेद मला स्वतःला अन्यायच वाटतो, पण तेवढ्यावर अर्ज मंजूर होईल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

हे सगळं उलट असतं, म्हणजे आई ब्रिटनमध्ये जन्मलेली आणि वडील भारतीय, तर तुमचं उत्तर वेगळं असतं. पन्नास-साठच्या दशकांत शिकायला गेलेले आपले कितीतरी तरुण तिकडची बायको घेऊन मुंबई-पुण्यात परतले. त्यांच्या मुलांना १९८३ पूर्वी आईकडून ब्रिटिश नागरिकत्व मिळत नसे, ते फक्त बापाकडून जायचं. ही चूक कलम ४-सी ने दुरुस्त केली. सुरुवातीला, २००३ मध्ये, ७ फेब्रुवारी १९६१ नंतर जन्मलेल्यांनाच त्याचा लाभ होता. २०१० पासून ती अट गेली. आज साठ-सत्तर वर्षांचा माणूसही यूकेएम नावाच्या फॉर्मवर अर्ज करू शकतो. आईवडिलांचं लग्न न झालेल्यांसाठी यूकेएफ हा फॉर्म आहे. १ जुलै २००६ पूर्वी जन्मलेल्या मुलाला वडिलांकडून नागरिकत्व मिळायला लग्न असावं लागत असे, त्यांच्यासाठी ती सोय २०१५ मध्ये झाली. मात्र या दोन्हींत नोंदणी करून नागरिकत्व घ्यायचं असतं, त्यामुळे भारतीय नागरिकत्व हमखास जातं.

आणखी एक प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो: ‘आजोबा १९३० साली साताऱ्यात जन्मले, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, मग आमचा काही हक्क?’ नाही. ते ब्रिटिश प्रजाजन होते, पण २६ जानेवारी १९५० ला भारताचे नागरिक झाले. कोल्हापूरसारख्या संस्थानात जन्मलेले तर ‘संरक्षित व्यक्ती’ होते. यातून आज काही निघत नाही. गोव्याच्या मंडळींचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग हा पोर्तुगालचा कायदा, त्याची यात गल्लत करू नका.

आता भावाच्या दहा वर्षांच्या मुलीकडे येते, कारण तिच्या बाबतीत वेळ मोजका आहे. भाऊ ब्रिटिश, पण बाय डिसेंट. अशा माणसाचं मूल ब्रिटनबाहेर जन्मलं तर ते आपोआप ब्रिटिश होत नाही. वारसा साधारणपणे एका पिढीपुरताच. दोन पळवाटा आहेत, आणि त्या कायद्यानेच दिलेल्या आहेत. पहिली, कलम ३(२): मुलीच्या जन्माआधी तिचे वडील कधीतरी सलग तीन वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेले हवेत आणि आजोबा बाय डिसेंट नसलेले ब्रिटिश हवेत. आजोबांचं जमतं, वडिलांचं नाही, कारण भाऊ तिथे कधी राहिलाच नाही. दुसरी, कलम ३(५): मुलगी आणि तिचे आईवडील, तिघंही ब्रिटनमध्ये तीन वर्षं राहायचे, त्या काळात प्रत्येकाची गैरहजेरी २७० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि अर्ज मुलीच्या अठराव्या वाढदिवसाआधी पोचायला हवा. म्हणजे हा विचार असेल तर ती पंधरा वर्षांची व्हायच्या आत कुटुंबाने हललं पाहिजे, आणि व्हिसाला लागणारे महिने त्याच्याही आधी धरायचे. वहिनींना जोडीदाराचा व्हिसा लागेल, त्याला उत्पन्नाची अट आहे, एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड, आणि ती बदलत असते. हा मार्ग खर्चाचा आहे. पण असं नोंदवलेलं मूल बाय डिसेंट ठरत नाही, पुढे स्वतःच्या मुलांना नागरिकत्व देऊ शकतं. म्हणून मी या मार्गाला किंमत देते.

इथे जरा बाजूला जाते, कारण आयटीत असलेली, नुकतीच ब्रिटिश झालेली बरीच कुटुंबं हे वाचतील. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणारी सर्वांत दुखरी प्रकरणं तुमच्यासारखी जुनी नसतात, ती बाळंतपणाची असतात. मागे एक मुलगी माझ्यासमोर बसली होती, मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. नवऱ्याला होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचं, नागरिकत्व मंजुरीचं पत्र मार्चमध्ये आलं. बाळ १२ एप्रिलला सांगलीत, तिच्या माहेरी झालं. नवऱ्याची सेरेमनी ३० एप्रिलला. त्यांनी बाळाच्या ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. तिने मंजुरीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि त्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं, ‘हे बघा ना, आधीच मिळालं होतं.’ पण पत्राने माणूस नागरिक होत नाही, सेरेमनीत शपथ घेऊन प्रमाणपत्र मिळतं त्या दिवशी होतो. अठरा दिवसांचा फरक. शेवटी बाळाला व्हिसा काढून आणावं लागलं आणि मग एमएन१ फॉर्मवर नोंदणी झाली.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. आईचा हात पाठीवर असण्याचं मोल मला कळतं. पण तिकीट काढायच्या आधी हे माहीत असू द्या: आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, असेल आणि बाळ लेस्टरमध्ये जन्मलं तर ते ब्रिटिश, आणि बाय डिसेंट नसलेलं. तेच बाळ सांगलीत जन्मलं तर ब्रिटिश नाही. आईवडील आधीच शपथ घेऊन ब्रिटिश झालेले असतील तर सांगलीतलं बाळ ब्रिटिश होतं खरं, पण बाय डिसेंट, म्हणजे त्याच्या मुलांचा प्रश्न तीस वर्षांनी पुन्हा उभा राहतो. त्या मुलीला मी एक गोष्ट मात्र आनंदाने सांगू शकले. जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी कुणीच ब्रिटिश नसल्यामुळे, नोंदणीनंतर तिचं बाळ बाय डिसेंट ठरलं नाही.

परत भावाकडे. त्याचा हक्क पक्का आहे, पण पासपोर्ट ऑफिसला हक्क कागदावर दिसावा लागतो. वडिलांचा नैरोबीचा जन्मदाखला लागेल, आईवडिलांची दोघांची नावं असलेला. वडिलांचे सगळे जुने पासपोर्ट, रद्द झालेलेसुद्धा. लंडनच्या दहा वर्षांचा पुरावा: शाळेचे दाखले, नोकरीची पत्रं, नॅशनल इन्शुरन्सची नोंद. ही शेवटची नोंद ब्रिटनच्या करखात्याकडून मागवता येते आणि मी तिच्यावर सर्वांत जास्त विसंबते, कारण त्यात कोणत्या वर्षी वर्गणी भरली ते दिसतं. आईवडिलांचं लग्न १९७७ चं, तेव्हा नोंदणी केली नसेल. लग्नपत्रिका आणि फोटो जपून ठेवा, आणि वडील हयात आहेत तोवर दोघांनी जाऊन उशिराची विवाहनोंदणी करून घ्यावी.

आपल्या कागदांचा एक खास घोळ असतो, तो मी इतक्या वेळा बघितलाय की आधीच विचारते: लग्नात आईचं नाव बदललं होतं का? माहेरची सुलभा सासरी वैशाली झाली, भावाच्या जन्मदाखल्यावर वैशाली आणि तिच्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सुलभा. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, लंडनच्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. असं असेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद असल्यास ती, आणि दोन्ही नावं एकत्र दिसतील असा एखादा जुना कागद जोडा. दुसरं म्हणजे भावाच्या जन्माची नोंद १९८४ मध्येच झाली की नंतर कधीतरी, ते बघा. उशिरा केलेल्या नोंदीकडे ते संशयाने बघतात. मग हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड, बालवाडीचा दाखला, जे त्या काळातलं असेल ते शोधा. त्या काळच्या चार साध्या कागदांना आज केलेल्या कितीही प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त वजन असतं.

अर्ज करण्याआधी भावाने एकदा शांतपणे बसून विचार करावा. जन्मतः मिळालेलं ब्रिटिश नागरिकत्व त्याने स्वेच्छेने घेतलेलं नाही, म्हणून आजवर भारतीय पासपोर्टला अडचण आली नाही. पासपोर्ट हातात घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल आणि ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, घ्यावं लागेल. मतदान जाईल. शेतजमीन वारसाने घेता येईल, नवी विकत घेता येणार नाही. घरात सातबाऱ्याचे काही व्यवहार अर्धवट असतील तर ते आधी उरकावेत. त्याला ब्रिटनला जायचंच नसेल आणि मुलीसाठीही तो बेत नसेल, तर घाई करायचं काही कारण नाही. त्याचा हक्क संपत नाही. पण वडिलांकडून माहिती आणि कागद मात्र आत्ताच गोळा करा, कारण लंडनचा पत्ता, शाळेचं नाव, पहिली नोकरी कुठे होती, हे सांगणारा माणूस तो एकच आहे.

वकील किंवा सल्लागार घ्यायचाच असेल तर ब्रिटनमधला सॉलिसिटर घ्या, किंवा तिथल्या इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेला सल्लागार. नोंद ऑनलाइन तपासता येते.

आणि या सगळ्याच्या आधी, आज संध्याकाळीच, एक काम करा. वडिलांचा सध्याचा पासपोर्ट उघडा आणि फोटोच्या पानावर ‘नॅशनॅलिटी’च्या पुढे काय छापलंय ते वाचा. तिथे ‘ब्रिटिश सिटिझन’ असेल तर भावाबद्दल मी वर लिहिलेलं सगळं खरं. ‘ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन’ असेल तर १९८३ मध्ये वडिलांचा वर्गच चुकीचा लावला गेला असण्याची शक्यता आहे, आणि मग लंडनच्या त्या दहा वर्षांचे कागद आधी त्यांच्यासाठी लागतील. ट्रंकेत ७० च्या दशकातला जुना निळा पासपोर्ट सापडला तर त्यात ‘राइट ऑफ अबोड’चा शिक्का शोधा. १९७३ नंतरच्या पुस्तकांत तो असे. सापडला तर त्या पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि ते पुस्तक कुरिअरने कुणाकडेही पाठवू नका.